वरच्या मजल्यावरचा रिमोट

बिल्डिंगमालकाच्या ऑफिसात बसणारे साहेब, हे पाप तुमचं. दारावर कागद डकवून मोकळे झालात – गच्चीवरची जुनी वायर खलास, ज्याने त्याने आपापला डिजिटल बॉक्स घ्यावा. त्या वायरीवर कुणाचं काय चाललं होतं, एकाला तरी विचारलंत?

आखातातल्या अल अझीझिया वस्तीतल्या त्या बिल्डिंगीत रत्नागिरीकरांची चार घरं, आणि चौघांत मिळून एकच रिसीव्हर. तोही तिसऱ्या मजल्यावर, वहाबचाचांकडे. तिथे जे लागेल तेच चारही टीव्हींवर. चाचांना क्रिकेटचं वेड. तरी रोज संध्याकाळी रंगात आलेली मॅच गायब व्हायची आणि पहिल्या मजल्यावर तस्नीमची मराठी विनोदी मालिका सुरू व्हायची. हे करतं कोण? वर्षभर तिच्या डोक्यात हाच किडा.

आज बॉक्स बसवायला चाचांकडेच राहणारा त्यांचा पुतण्या शाहिद आला. हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून थेट, गळ्यातलं ओळखपत्रही तसंच. जिन्यातल्या सलामापलीकडे दोघं कधी बोललेली नव्हती. तस्नीमची अम्मी स्वयंपाकघरात घावन घालत होती. कान मात्र बाहेर.

"चाचा मालिका बघतात?" तस्नीमने विचारलं.

"नाही. शिव्या देतात." तो टीव्हीमागे वाकला. "रिमोट माझ्याकडे असायचा."

"म्हणजे तुम्हाला आवडते."

"मला... त्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही." तो उगाच वायर पुसत राहिला. "तुम्ही खाली हसता ना – ते हवेच्या शाफ्टमधून वर येतं. आमच्या किचनच्या खिडकीत."

तस्नीमचे कान तापले. "आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्यात?"

"फायनलच्या दिवशी चप्पलसुद्धा."

ती हसली. तो तसाच थांबला, ऐकत. मग त्याने जुनी वायर उपटली, बॉक्स जोडला, रिमोट पुढे केला. "घ्या. आता तुमची मालिका वेगळी, आमची मॅच वेगळी."

तिने हात पुढे केला नाही. उद्यापासून हा माणूस पुन्हा जिन्यातला सलाम होणार... एवढाच.

"मी कशावर हसले, ते तुम्हाला कळणार नाही मग."

"नाही."

"चालेल?"

त्याने रिमोट हातातल्या हातात फिरवला.

"अगो, घावन करपतंय माझं," आतून अम्मी म्हणाली. "काय ते लवकर विचार."

तस्नीमने त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला, टीव्ही बंद केला आणि ती थेट 'तू'वर आली.

"अब्बा मगरिबची नमाज पढून येतीलच. शाहिद, चाचांना लग्नाचा पैगाम घेऊन आमच्याकडे पाठवतोस की नाही? ...मान काय हलवतोस? तोंडाने सांग. हो की नाही?"