अर्धा कोयता

सरका थोडं ताई, तुमच्या उजव्या अंगाला बसते. माझ्या उजव्या हाताला कुणाचा पदर लागंल म्हणून मी जीव मुठीत धरून बसायची, ती सवय अजून गेली न्हाई. तुमचं काय, गालाची नस? माझं हाताचं होतं. डॉक्टरीनबाई आपल्याला बोलवायला लई वेळ हाय, तवर सांगते. फकस्त मधीच 'खोटं' म्हणू नका. तसं म्हणणारे मला घरातच ढीगभर हायेत.

गेल्या पौषात मी नवऱ्याला बाजरीचं पीठ द्यायला कराडकडं गेलते. आमचं गाव शिरूर कासारच्या पल्याड. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला जातं, अन् तिकडल्या दुकानातलं पीठ आमच्या माणसांच्या तोंडाला लागत न्हाई. गावातला एक टेम्पो तिकडं चाललता. मी गोणी चढवून घेतली अन् पुढं जाऊन बसले. सासू, वत्सलाबाई, ओट्यावरून म्हणली, "पीठ टेम्पोवाला देईल की. तू कावून चाललीस?"

"नवऱ्याचं तोंड बघाया," मी म्हणलं. खरं म्हणजे मला त्याच्या शेजारची बाई बघायची होती.

हाताचं सांगते आधी. त्याच्या आदल्या साली ऊस तोडताना पाल्यानं अंगठ्याच्या बुडाशी चिरलं. एवढीशी चीर. ती भरली, पण आग राहिली. हात सुजायचा, कातडी चकाकायची, कधी लालभडक तर कधी निळी. वाऱ्याची झुळूक लागली तरी उकळत्या तेलात हात घातल्यागत व्हायचं. फोटो काढला, हाडं नीट. रक्त तपासलं, तेही नीट. सगळं नीट, मीच वाकडी. सासू म्हणायची, बरं कामाच्या टायमालाच दुखतंय हिचं. एकटा भागवत, माझा नवरा, म्हणायचा की दुखत असंल तिला, उगं कोण रडतं. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

मग ह्या डॉक्टरीनबाई भेटल्या. म्हणल्या, मंगल, तू खोटं बोलत न्हाईस. जखम भरली हे तुझ्या नसेला कळलंच न्हाई, ती अजून बोंबलतीय. असं कावून होतं ते आमालाबी पुरतं ठाऊक न्हाई. मी तिथंच खुर्चीवर रडले, ताई.

आता आमच्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोणती टोळी धरत न्हाई. माझा हात असा, म्हणून मी घरी राहिले अन् भागवत मुकादमाच्या पाया पडून एकटाच एका नव्या टोळीत गेला. महिन्याभरात तोच मुकादम फोन करून गावात सांगायला लागला, भागवतचा कोयता सगळ्यांच्या म्होरं. एकटा माणूस जोडीएवढा ऊस तोडतो? मला काय खुळी समजले का? संध्याकाळी त्याचा फोन यायचा, तवा मागं बांगड्या वाजायच्या. कोण हाय म्हणलं की म्हणायचा, कुणी न्हाई, चूल पेटवतोय. अन् रोज न चुकता इचारायचा, "आज लई दुखलं का?" मी लई म्हणलं की "बरं" म्हणून फोन ठेवायचा. त्या दोन शब्दांपायी मला त्याला भांडताबी येईना.

टेम्पोनं भर दुपारी सोडलं. उसाच्या पाल्याच्या झोपड्या, कोप्या म्हणतो आमी, मधी चुली, सगळीकडं आंबटगोड वास. त्या टोळीत मला वळखणारं कुणी नव्हतं. एका कोपीपुढं एक बाई भांडी घासत होती. सिंधुबाई, तेलगावकडली, नाव मागनं कळलं. तिनं मान वर केली अन् म्हणली, "मंगल, एवढ्यात फडातनं आलीस? साडी कवा बदललीस?"

मी मनात म्हणलं, वा रे गड्या. तिला माझं नावबी देऊन टाकलं का? वरून गोड आवाजात इचारलं, "दिसाया कशी हाय वो ती?"

"कोण ती?"

"भागवतची... बायको."

सिंधुबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "असं काय बोलतीस गं? अन् बोलतीस म्हणा आज. आल्यापासून तुझा शबुद ऐकला न्हाई आमी."

माझ्या अंगावर काटा आला, पण राग त्याहून मोठा होता. तशीच उसाच्या फडाकडं निघाले. बांधावर पाय ठेवला अन् हात पेटला. फडातून आवाज येत होता. खच्... खच्... अन् दर आवाजाला माझ्या हातात कळ. आधी आवाज का आधी कळ, ते सांगता यायचं न्हाई.

भागवतची पाठ दिसली. तो त्याची पात, त्याच्या वाट्याची उसाची ओळ, तोडत होता. त्याच्या पल्याड, उभ्या उसात, दुसरी पात आपोआप म्होरं सरकत होती. शेंडे हलायचे अन् आडवे व्हायचे. बांगड्या वाजत होत्या. वाकून पाल्यातनं बघितलं तर एक हात दिसला. सुजलेला, चकाकता, निळा. अंगठ्याच्या बुडाशी चीर. हातातल्या कोयत्याची मूठ पिवळीधमक होती.

तवा मला ते आठवलं. निघायच्या दिशी आमी कोयत्याला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो, अन् जो जाणार त्यानंच कोयता उचलायचा असतो. मी जाणार नव्हते. तरी सासूनं माझा दुखरा हात धरून हळदीत बुडवला, माझ्या कोयत्याच्या मुठीवर दाबला अन् भागवतला म्हणली, सून न्हाई येत तर हिच्या हाताची आग ने, जोडी मोडायची न्हाई. मी आगीनं कळवळत होते, ती काय म्हणली तिकडं ध्यान कुठलं. बाहेर गाडी उभी होती, अन् भागवतनं तो कोयता उचलून नेला.

"भागवत," मी हाक मारली. आवाज थांबला. माझ्या हातातली कळबी थांबली, हात एकदम गार. तो वळला, अन् मला बघून त्याचं तोंड राखेगत झालं.

"तू... कावून आलीस?"

"कोण हाय ती?"

"हळू बोल..." तो जवळ आला. "पयल्यांदा मीबी लई भ्यालो. उठून पळणार होतो. पण तिनं एकटीनं दिवसाची पात काढली. मग... सवय झाली."

"अन् मला रोज इचारायचास, दुखलं का म्हणून?"

त्यानं खाली बघितलं. "ज्या दिशी तुला दुखत न्हाई, त्या दिशी ती येत न्हाई."

ताई, बाई ठेवली असती ना, तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या अन् ह्याला कान धरून घरी आणला असता. ह्याचं काय उपटू? जगात एकटा माणूस माझं दुखणं खरं मानत होता, अन् तोच ते कामाला लावून बसला होता. मी म्हणलं, "तो कोयता टाक अन् चल घरी. आत्ताच्या आत्ता."

तो उसाकडं वळला. मग म्हणला, "एवढी पात होऊ दे." मागं पुन्हा खच्... सुरू झालं, अन् मी हात छातीशी धरून बांधावरच खाली बसले. त्यानं मला उठवलं न्हाई. तो तिच्या शेजारी जाऊन वाकला.

त्याच टेम्पोनं परत आले. सासूला सगळं सांगितलं, तर म्हणली, परवासानं डोकं फिरलंय तुझं.

चैत्रात एका सकाळी हात गप झाला. सूज न्हाई, आग न्हाई. मी भाकऱ्या थापल्या, माझ्या लेकीची, करिष्माची, वेणी घातली, येडीगत हसत होते. त्याच आठवड्यात गाड्या परत आल्या. भागवत आला न्हाई. फोन बंद. वळकटी तेवढी आली त्याची, सिंधुबाईनं आणून दिली. ती दारात आली, मला बघितलं, अन् वळकटी तिथंच टाकून मागं सरली.

"तू हितं कशी? तुमी दोघं तर म्होरं कर्नाटकात गेलात. आमीच वाटं लावलं..." मग ती माझ्या पोटाकडं बघाया लागली. "अन्... लेकरू?"

"कसलं लेकरू?"

"पाचवा चालू होता की तुला. आमी वटी भरली..."

ताई, करिष्मा झाली तवाच माझी गर्भाची पिशवी काढलीय. आमच्याकडं लई जणींची काढलीय, तोडीत खाडा नको म्हणून. माझ्या पोटात काय राहायला जागा तरी हाय का?

म्हणून सांगते, हात बरा झाला तरी मी हितं येते. आता चार महिनं झालं, बेंबीच्या खाली दुखतंय. डॉक्टरीनबाईनं सोनोग्राफी केली, म्हणल्या, मंगल, तिथं काहीच न्हाई, नसाच असतील. भागवत कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई, पण तो जित्ता हाय, तिच्याजवळ हाय, एवढं मला ह्या दुखण्यानं कळतं. आज सकाळी गाडीत बसले तवा थांबून थांबून येत होतं. मधी श्वास घ्यायला सवड होती. तुमच्याशी बोलायला लागल्यापासून ती सवडच राहिली न्हाई...

आईगं... जरा थांबा. ताई, तुमी पाणी सांडलं का वो? न्हाई? मग माझ्याखाली बाकावर हे कशाचं हाय... कोमट लागतंय.