आधी पाणी

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये पोहूमलचं रफूचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मधली एक फळी आणि तिच्यावर मांडी घालून बसलेला पोहूमल. पण फाटलेलं वस्त्र त्याच्या हातून गेलं की घरच्या माणसालाही फाटलेली जागा सापडायची नाही. सिंधहून येताना मी फक्त सुई आणली, असं तो सांगायचा.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा आटोपून वृंदा खांबेटे तिथे आली आणि तिने पिशवीतून आपली आकाशी सुती साडी काढली. कमरेच्या बाजूला एका ओळीत बारीक बारीक भोकं पडली होती. पोहूमलने साडी उजेडात धरली, मान हलवली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाचा सदरा उचलून तिच्याजवळ धरला. सदऱ्याच्या उजव्या बाहीवर तशीच भोकं होती. तेवढीच गोल, कडेला तशीच विरविरीत.

"साईं, घर दो हैं, लेकिन चूहा एकच वाटतो," पोहूमल म्हणाला.

वृंदाने मान वर केली. सदऱ्याचा मालक, एक उंच, सावळा तरुण, तिच्या साडीकडे टक लावून बघत होता. परक्या बाईच्या साडीकडे असं बघणं बरं नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

"माफ करा हं… पण धुऊन आल्यावरच दिसली ना ही भोकं? आधी काहीच नव्हतं?"

"हो…" वृंदा सावध झाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"गंधकाम्ल," तो हळूच म्हणाला, जणू दोघांच्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसा. "थेंब पडतो तेव्हा दिसतही नाही. सूत आतून खाऊन बसतो. मग भट्टी लागली, इस्त्री फिरली, की पडतं भोक."

वृंदाला हसू आलं. हे तिला ठाऊक होतं, पण ती राहायची त्या बदलापुरात ते बोलायला दुसरं माणूस नव्हतं. तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. दोन बोटांची टोकं पिवळीधमक होती.

"आणि ही हळद कुणी लावली? लग्न ठरलेलं दिसतंय."

"छे हो! नायट्रिक आहे ते. कातडी बदलेपर्यंत जात नाही." मग उगाचच मोठ्याने, "लग्न नाही ठरलेलं."

पोहूमलने सुईत दोरा ओवला आणि दोन्ही कपडे पुढच्या शनिवारी मिळतील म्हणून सांगितलं. खरं म्हणजे त्याला ते काम संध्याकाळपर्यंत झालं असतं.

त्या तरुणाचं नाव दिनानाथ बर्वे. अंबरनाथला रसायनांच्या एका कारखान्यात तो प्रयोगशाळेत केमिस्ट होता आणि तिथेच खोली घेऊन एकटा राहायचा. वृंदा बदलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळा म्हणजे भाताच्या जुन्या कोठारात मांडलेली चार टेबलं; पण ती तिच्या हाताने मांडलेली होती, आणि तिचा जीव तिच्यात होता.

एक गोष्ट मात्र तिने घरी सांगितली नव्हती. तिची आई, माई, तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, नावाने थरथरायची. माईच्या माहेरी शेजारच्या सोनाराचा डोळा तेजाबाने गेला होता, तो तिने लहानपणी पाहिला होता. म्हणून नोकरी धरताना वृंदाने सांगितलं होतं, "पानं-फुलं, लोहचुंबक, असलंच सगळं गं." माईने विश्वास ठेवला. मग साड्यांना भोकं पडू लागली आणि माईने सगळा दोष राजाबाई परटिणीवर घातला. वृंदा गप्प बसली. राजाबाई वृंदा लहान असल्यापासून घरचं धुणं नेणारी, आणि तिच्यावर रोज बोलणी पडत होती. ते वृंदाच्या मनाला लागत होतं. पण खरं बोललं की नोकरी गेलीच, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी दोघं कपडे घ्यायला आली आणि नंतर समोरच्या सोड्याच्या दुकानात शिरली. वृंदाने हे सगळं त्याला सांगून टाकलं, इतक्या सहज की तिचं तिलाच नवल वाटलं.

दिनानाथने ऐकून घेतलं. मग टेबलावरची सरबताची बाटली तिच्यापुढे सरकवली. "बाई, ही गंधकाम्लाची बाटली समजा. उचलून दाखवा."

वृंदाने मान धरून बाटली उचलली.

"चुकलं. मान हातात राहील आणि बाकीची पायावर येईल. एक हात बुडाखाली. चिठ्ठी तळहाताच्या बाजूला, म्हणजे ओघळ आला तर चिठ्ठी खराब होत नाही. आता ओता… आणि तोंड पेल्याच्या काठाला टेकवून शेवटचा थेंब आत घ्या. बघा, तुम्ही तो बाहेर सोडलात. तो उतरतो बुडाशी, बुडाखालून टेबलाच्या कडेवर, आणि कडेवरून…" तो अडखळला.

"कडेवरून काय?"

"तुम्ही टेबलाला टेकून उभ्या राहता. भोकं त्याच उंचीवर आहेत."

आता वृंदाचे कान लाल व्हायची पाळी होती. पण ती शिक्षिका होती, उत्तर राखून ठेवणारी नव्हे. "आणि तुमची भोकं मनगटाशी. म्हणजे ॲप्रन खुंटीला आणि साहेब नुसत्या सदऱ्यात! खुंटीला भाजायची भीती आहे का?"

दिनानाथ खो खो हसला. "उकडतं हो."

"डोळ्यांना चष्मा तरी लावता का?"

"लावतो… बहुतेक वेळा."

"बहुतेक वेळा!" तिने बाटली ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. डोळे सुरेख होते त्याचे. ते गेले तर… एवढी काळजी? इतक्या लवकर, आणि परक्या माणसासाठी? तिला स्वतःचाच राग आला.

त्यानंतर शनिवार चुकला नाही. रफूला कपडे असायचेच. एकदा दिनानाथ म्हणाला, "वर्गात मुलांना पहिली गोष्ट काय सांगता?"

"पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. बारीक धारेनं, ढवळत. घाई केली की उकळून तोंडावर उडतं."

"माणसांचंही तसंच असतं," तो बर्फाशी चमचा वाजवत म्हणाला. "म्हणून मी केव्हाचा… बारीक धारेनं चाललोय."

वृंदाने सोड्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

माघात त्याने विचारलं, "माझ्या काकांना घेऊन तुमच्या घरी येऊ?"

"या. पण… कारखान्यात ऑफिसर आहे एवढंच सांगा. ॲसिडचं नाव नको. माई मला तर घरी बसवेलच, आणि तुम्हाला…"

दिनानाथ गंभीर झाला. "विचारलं नाही तर सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही. एवढंच कबूल करतो."

रविवारी ते आले. ओटीवर वृंदाचे वडील, विष्णुपंत, वर्तमानपत्र बाजूला ठेवून बसले होते. माईच्या डोळ्यांत मुलगा भरला होता. उंच, मर्यादेचा, बोलायला गोड. वृंदा पाण्याचे पेले घेऊन आली तेव्हा तिने तबक एका हाताने खालून धरलं होतं. दिनानाथने ते पाहिलं आणि ओठ मिटून हसू दाबलं. सगळं कसं जुळून आलं होतं, आणि नेमकी तेव्हाच राजाबाई इस्त्रीचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली.

माईने गाठोडं उघडून वरची साडी झटकली. वृंदाचीच. पुन्हा दोन भोकं. पाहुण्यांसमोर आवाज चढवणं शोभत नव्हतं, म्हणून माई दबक्या आवाजात म्हणाली, "राजाबाई, आता पुरे. उद्यापासून धुणं न्यायला येऊ नकोस."

"माई, मी काय दातानं धुते का कापडं?" राजाबाई दारातूनच म्हणाली. "इतकी वर्सं झाली, कदी एक गुंडी तरी तुटली का तुमची? दुसऱ्या घरांत कळलं तं कोन देईल मला धुणं?"

माईची नजर अवघडून पाहुण्यांकडे वळली आणि दिनानाथच्या बाहीवर थांबली. पोहूमलची सुई अजून पोचली नव्हती असं एक ताजं भोक तिथे होतं. माईला धीर आला.

"बघा! तुमच्याकडेही असलीच परटीण दिसतेय. हो ना?"

सगळ्यांनी बाहीकडे पाहिलं. एक "हो" म्हटलं की काम भागत होतं. नोकरी राहिली असती, लग्न जमलं असतं, फक्त राजाबाई गेली असती. दिनानाथने वृंदाकडे पाहिलं. त्याने तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"माई, राजाबाईंचा काही दोष नाही. ते ॲसिड आहे. तेजाब. शाळेत मी वापरते. तुला भीती वाटेल म्हणून लपवलं… आणि बोलणी त्यांना खाऊ दिली."

"माझ्या बाहीवरही तेच आहे," दिनानाथ म्हणाला. "कारखान्यात रोज हाताळतो मी."

माई उठली आणि आत निघून गेली. काकांनी टोपी हातात घेतली. विष्णुपंतांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. वृंदाला वाटलं, संपलं. सगळंच संपलं. तरीही राजाबाईकडे पाहायला आता तिला लाज वाटत नव्हती.

माई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती दारातच उभी राहिली. "अंगावर पडलं तर काय करता?"

"आधी पाणी," दोघं एकदम म्हणाली.

"हळद नाही? तूप?"

"काही नाही, माई. पाणी, वाहतं आणि भरपूर. चोळायचं नाही," वृंदा म्हणाली.

"कपड्यावर पडलं तर लाज न धरता कपडा तिथल्या तिथे उतरवायचा, आणि पाणी चालूच," दिनानाथने पुढे सांगितलं. "डोळ्यात गेलं तर डोळा उघडा धरून धुवायचा. मग डॉक्टर. सोनाराच्या वेळी कुणी ओतलं होतं का पाणी?"

माईने आठवून पाहिलं. "नाही रे… तूप भरलं होतं." ती खांबाला टेकली. मग म्हणाली, "तुझ्या कारखान्यात नळ आहे?"

"दाराशीच आहे."

"आणि हिच्या शाळेत?"

वृंदा चाचरली. "विहीर आहे… मागे."

"म्हणजे पोराच्या डोळ्यात तेजाब गेलं की तू पळत जाणार, पोहरा सोडणार, शेंदणार आणि मग आणणार? एवढी शिकलीस ती हेच?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट! दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दाराशी बैलगाडी थांबली. तिच्यात माईच्या परसातला मोठा रांजण होता, आणि रांजणामागे स्वतः माई. तिने तो प्रयोगशाळेच्या दारात बसवून घेतला, भरून घेतला, वर तांब्या पालथा घातला. "हा काठोकाठ असेल तोवर तुझी नोकरी. एक दिवस जरी अर्धा दिसला, तर घरी." घरी परतताना ती राजाबाईच्या दारावरून गेली, आणि माई कुणाच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायलेली गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. स्थळाबद्दल मात्र ती काहीच बोलली नाही. "आधी एक भीती पचू दे," एवढंच विष्णुपंतांना म्हणाली.

फाल्गुन लागला. वृंदाने बाटल्यांखाली चिनी मातीच्या बशा ठेवल्या, ॲप्रन शिवला. दिनानाथचाही ॲप्रन खुंटीवरून अंगावर आला. आणि एका शनिवारी दोघं पोहूमलपुढे रिकाम्या हाताने उभी राहिली.

"क्या साईं, चूहा मर गया?" पोहूमलने विचारलं.

"भोकं पडेनाशी झाली," दिनानाथ पडल्या आवाजात म्हणाला. मग वृंदाकडे वळून, "म्हणजे बाई, आता शनिवारी यायचं काही कारणच उरलं नाही. एखादा थेंब पाडू का मुद्दाम?"

"खबरदार!" तिच्या तोंडून इतक्या जोरात निघालं की बाजूचा कापडवाला वळून बघायला लागला. तिचे डोळे भरून आले होते. "एक थेंबसुद्धा नाही. मला… मला तुम्ही अख्खे हवे आहात. बोटांसकट, डोळ्यांसकट. कारण लागतंच का यायला?"

दिनानाथच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून पोहूमलने सुई खाली ठेवली आणि सोडा मागवला, आपल्या खर्चाने.

माईची भीती पचायला चैत्र उजाडला. वैशाखात लग्न ठरलं. सीमांतपूजनाला विष्णुपंत जावयाचे पाय धुवायला बसले आणि माई झारीने पाणी घालू लागली. पाय धुऊन झाले. माईची नजर त्याच्या हाताकडे गेली. हळद लागायला अजून अवकाश होता, तरी एका बोटाचं टोक पिवळं होतं.

"काल सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता… हातमोजा बोटाशी फाटला होता," दिनानाथ कुजबुजला. "तेव्हाच धुतलंय मी. दुखत नाही."

माईने त्याचा हात ताम्हनावर ओढला आणि झारी त्या बोटावर धरली. पाणी संपलं तशी दुसरी मागवली. गुरुजी खोळंबले, वऱ्हाडी माना उंचावून बघू लागले, रफू केलेल्या जुन्या आकाशी साडीत दाराआड उभी असलेली वृंदा तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती.

"अगं, तो डाग नाही जायचा," विष्णुपंत हळूच म्हणाले.

"डागाचं कोण बोलतंय?" माई म्हणाली, आणि पाणी घालतच राहिली.