नऊशे वीस

१९८२च्या मार्चमध्ये गोविंदा नागपुरातल्या धंतोलीत मधुकररावांच्या ऑफिसात आला, तो दोस्त भैय्याजीच्या खांद्याला धरूनच. डाव्या हाताला भलीमोठी पट्टी होती.

"चार तारखेले डाळमिलच्या पट्ट्यात आंगठा मुळातून गेला साहेब. मशीनले जाळी नव्हती. आता मिलवाले म्हणते, घरी लाकडं फोडताना तुटला. मले काढलं, अन् त्याच मशीनवर माह्या बायकोले, वच्छलाले, उभी केली."

"तसा जबाब तू दिलास?" खासगी गुप्तहेर मधुकररावांनी विचारलं.

"नाही जी! भैय्याजीनं वाचल्याबिगर मी कुठंच आंगठा उठवत नाही." गोविंदाच्या आवाजात अभिमान होता. दोघांनी पोरवयात शेजारी उभं राहून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. भैय्याजी शिकला, गोविंदा निरक्षरच राहिला. दोघं एकाच मिलमध्ये लागले.

इस्पितळात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या यमुताईंनी केसपेपर काढला.

"इजेचा कोड आठशे पंच्याऐंशी, अंगठा तुटणे. कारणाचा मी नऊशे एकोणीस लिहिला होता, म्हणजे यंत्र. मग मिलकडून टपालानं हा जबाब आला, म्हणून नऊशे वीस केला, धारदार हत्यार."

जबाबावर सहा तारीख होती. शेवटच्या दोन ओळी बारीक होत होत शाईच्या ठशाला वळसा घालून गेल्या होत्या. ठशाखाली लिहिलं होतं, 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. यमुताईंच्या परवानगीनं मधुकररावांनी कागदाचा फोटो घेतला.

मिलचे मॅनेजर ओमप्रकाश यांनी गोविंदाचा भरतीचा फॉर्म पुढे टाकला. "मिला लो साहब. अंगूठा उसी का है."

मधुकररावांचे सोबती वामनराव भिंगातून बराच वेळ बघत राहिले. ठसे जुळले. "म्हणजे गोविंदाच खोटं बोलतो," ते कुजबुजले.

"भैय्याजी मुकादम," ओमप्रकाश म्हणाले, "इनको गेट तक छोड़ आओ."

मुकादम? सोबत आलेल्या गोविंदाला हे नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी गोविंदा आणि भैय्याजी दोघांना ऑफिसात समोर बसवलं.

"वामनराव, सहा तारखेला याचा डावा अंगठा कुठे होता?"

वामनरावांनी आ वासला.

"चार तारखेलाच गेला. म्हणजे ठसा अपघाताआधीचा, कोऱ्या कागदावरचा. मजकूर मागून कोंबला, म्हणून ओळी ठशाला टाळतात. ज्याच्या शब्दावर गोविंदानं कोऱ्या कागदावर अंगठा द्यावा, असा माणूस एकच. आणि तो आता मुकादम झालाय."

गोविंदाला दिवाळी आठवली. 'रेशनकार्डाचा अर्ज मागून लिहितो गा, तू आंगठा देऊन ठेव.' त्यानं भैय्याजीकडे पाहिलं नाही. पट्टीकडेच पाहत राहिला.

"काहून गा?"

"मुकादमी भेटून राहिली होती." भैय्याजी म्हणाला. "तुहा आंगठा तर गेलाच होता, गोविंदा. परत थोडीच येणार होता?"

"अन् वच्छलाचा हात?"



मधुकररावांच्या तक्रारीवरून आठवड्याच्या आत सरकारी निरीक्षकानं मशीन बंद पाडलं. यमुताईंनी लाल शाईनं नऊशे वीस खोडून नऊशे एकोणीस केलं, बाजूला सही केली.

गोविंदा इस्पितळाबाहेर आला, तर फाटकाशी भैय्याजी उभा. "चाल गा, सोबतच जाऊ."

गोविंदा त्याच्या बाजूनं निघून गेला. स्टँडवर चार बसगाड्या उभ्या होत्या, चारींवर पाट्या. तो क्षणभर थबकला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एका अनोळखी माणसाला विचारलं, "भाऊ, कळमन्याची कोणती?"