सुरातली दुसरी नाडी

नाडीवाचक यंत्राने केतकी सुतारचं गाणं तिसऱ्यांदा ऐकलं आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं : माणसे दोन.

"अर्जात तर एकच नाव आहे," गाण्यांची तपासणी करणाऱ्या डॉ. अनघा किणीकर म्हणाल्या.

मिरजेच्या घरात, भिंतीवर गोधड्या टांगून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेल्या चौदा गाण्यांनी केतकीला पुण्याच्या या स्टुडिओपर्यंत आणलं होतं. एकविसाव्या वर्षी तिच्या गाण्यांचा पहिला संच निघणार होता. फक्त 'मानवनिर्मित' हा शिक्का हवा होता. यंत्रं दिवसाला लाखभर गाणी पाडू लागल्यापासून त्याशिवाय गाण्याला कुत्रं विचारत नसे. आणि सहकलाकार लपवला, तर दोन वर्षं बंदी. दोन वर्षांत लोक तिला साफ विसरले असते.

"आवाज हिचा आणि मागचा सूर यंत्राचा," ध्वनिमुद्रक सलीम बागवान म्हणाले. "यंत्राला कुठलं काळीज, मॅडम?"

"तोच तर प्रश्न आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला स्वरतंतूंत रक्त येतं, स्वर केसभर हलतो. कानाला कळत नाही, नाडीवाचकाला कळतं. हाताने धरून ठेवलेल्या सुराचंही तेच. केतकीची नाडी चौऱ्याण्णव आहे. आणि मागच्या सुरात एकसष्टची दुसरी नाडी आहे. तो सूर कुणीतरी हाताने धरलाय."

"शप्पथ सांगते, घरी मी आणि बाबाच असतो," केतकी म्हणाली. "सूरयंत्राची घरघर माइकमध्ये येते, म्हणून ते पलीकडच्या खोलीत ठेवलंय. मी माझ्या खोलीतून ओरडते, 'बाबा, काळी चार लावा.' ते बटण दाबतात. आणि बाबांना तर माझं गाणं आवडतच नाही."

हे खरं होतं. टपाल खात्यात तीस वर्षं काढलेल्या महादेव सुतारांनी गाण्याला 'खूळ' याखेरीज दुसरा शब्द कधी वापरला नव्हता. डॉ. किणीकरांनी तिला फोन लावायला सांगितला.

"बाबा, सूरयंत्र नीट चालतंय ना?"



"ते कधीच बिघडलं. दोन वर्षं झाली की."

"मग सूर कुठला लागतोय?"

"भजनातली जुनी सूरपेटी होती माळ्यावर. तिचा."

"भाता कोण मारतं?"

"मीच. दुसरं कोण हाय घरात?"

"सांगितलं का नाही?"

"तू बटण दाबा म्हणालीस. सूर लागल्याशी मतलब. आणि खूळ म्हणायचं अन् वर पेटी धरायची, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

केतकीला हसू आणि रडू एकदमच आलं. डॉ. किणीकर मात्र पडद्यावरून नजर काढायला तयार नव्हत्या. त्यांनी चौदाही गाण्यांचे आलेख एकाखाली एक लावले.

"हे बघ. तू वरचा सा घेण्याच्या जरा आधी दुसरी नाडी एकसष्टवरून थेट पंच्याऐंशीवर जाते. तुझा सा लागला की पुन्हा खाली येते. चौदाच्या चौदा गाण्यांत."

केतकी बराच वेळ त्या चौदा उंचवट्यांकडे बघत राहिली. तिला वरचा सा लागेल की नाही, याची तिच्याइतकी काळजी दुसऱ्या कुणाला असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

नवा अर्ज गेला. त्यात दोन नावं होती, आणि शिक्का दुसऱ्याच दिवशी मिळाला. पुढच्या आठवड्यात पंधराव्या गाण्यासाठी महादेव सुतार पेटी कापडात गुंडाळून स्टुडिओत हजर झाले.

"मला गाण्यातलं काय कळत नाही," त्यांनी सलीमभाईंना आधीच बजावलं. "मी आपला भाता मारणार."

केतकी त्यांच्या शेजारी बसली. आता ओरडायची गरज नव्हती.

"बाबा, काळी चार लावा."

त्यांनी भाता उघडला. केतकी अजून गायला लागली नव्हती, पण काचेपलीकडच्या पडद्यावर दुसरी नाडी आत्ताच पंच्याऐंशीवर होती.