वीस मीटरवरची ऊब

लाईट गेली तं जाऊ द्या, बसा इथीच. थकलो बाप्पा, पण या वयात झोप येते कुठी. हे अश्वजित इंजिनिअरनं मले सोता सांगतलं, म्हणून सांगतो.

२०२४ चा मे, चौदा तारीख, मंगळवार. अश्वजित एटापल्लीकडं पोरींच्या एका वसतिगृहात मोजमाप कराले गेला होता. सुट्ट्या होत्या, इमारत रिकामी. तिथी दहा फूट खोल, चाळीस मीटर लांब पाईप गाडला होता. पंखा बाहेरची तापलेली हवा त्याच्यात ओढते, जमीन तिची गरमी घेते, खोलीत थंड हवा निघते. हवा कुठी किती थंड व्हाले पायजे, ते अश्वजितनं कॉम्प्युटरवर मांडलं होतं. पाईपात दर पाच मीटरवर थर्मामीटर. सकाळी साहेब येणार होते. आकडे जुळले नाई तं पाईप बंद, अन् पोरी पुन्हा टिनाखाली भाजणार. तो सोता टिनाखालीच शिकला होता, त्याले ते लई लागे.

सगळे आकडे जुळत. फक्त वीस मीटरवर हवा मधातच गरम होई. त्यानं हिशोबातली माती बदलली, ओल बदलली, तीन रात्री जागला बिचारा. चौदाच्या रात्री साडेनऊले कंटाळून त्यानं कॉम्प्युटरात त्या जागी थोडी ऊब घातली. शंभर वॅट. जुळलं.

चौकीदार इस्तारी बाजूलेच होता. पाईप टाकतानी तोच मुकादम. खाली वायर आहे का, अश्वजितनं इचारलं. नाई म्हणे. ऊब किती आहे, इस्तारीनं इचारलं.

"एक माणूस बसून राह्यला तं जेवढी देते, तेवढी."



इस्तारी हळूच बोलला. मागच्या सालच्या मे महिन्यात त्याच जागी पाईपासाठी खोदलेल्या नालीचा काठ ढासळला होता. सांजेले बुधू नावाचा मजूर दिसला नाई. तेंदूपत्त्याच्या दिवसात मजूर काम सोडून जातेच, तसा गेला असंन म्हणून कोणी पाह्यलं नाई. जेसीबीनं माती लोटली. मुकादमानं सुट्टी म्हटल्याबिगर बुधू कधी नालीतून निघत नसे, हे इस्तारीले माहीत होतं.

अश्वजितनं पंखा बंद केला. काऊन केला, त्यालेच माहीत नाई.

वीसचा आकडा उतरला. पंचवीसचा चढला...

मंग तीस.

पस्तीस...

चाळीसवर पाईपाचं तोंड. अश्वजितच्या पाठीमागं.

पंखा बंद. तरी मानेवर गरम हवा आली...

आवाज आला. लई थकलेला.

"मुकादम... सुट्टी झाली का?"

इस्तारी रडून राह्यला होता.

"झाली रे बुधू. जाय घरी."

...

पुन्हा पंखा लावला. घातलेली ऊब काढूनही सगळे आकडे जुळले. अश्वजितले तेच पायजे होतं, पण त्याच्यानं ते पाहवेना.

सकाळी पोलिसांसमोर खोदलं. हाडं निघाली, पाईपाले पाठ टेकून बसलेली. मंग दोघं बुधूच्या गावाले खबर द्याले गेले. त्याची बायको उर्वशी दारातच उभी होती. यांनी तोंड उघडाच्या आधी तीच बोलली.

"हळू बोला भाऊ. वर्षानं आले रात्री. झोपून राह्यले."

आत बाज रिकामी होती.

अश्वजितनं वाकळीवर हात ठेवला... गरम होती.