राजवाड्याचं अंगण

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. फिलिपा माझी जुनी मैत्रीण. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, आणि मीठमसाला लावून सांगणं तिला जमतच नाही. तिने सांगितलं, तसंच सांगतोय.

गेल्या वर्षीचा सर्व संतांचा दिवस. एक नोव्हेंबरची सकाळ. लिस्बनचा नदीकाठचा मोठा चौक. धुकं असं, की मधला घोड्यावरच्या राजाचा पुतळासुद्धा दिसत नव्हता.

फिलिपा वैतागली होती.

आजीच्या कबरीवर फुलं न्यायची होती. शेवंती घ्यायला ती दुकानात शिरली, बाहेर येऊन बघते तर आल्बिनो आजोबा गायब. पुन्हा. जन्मभर त्यांनी फेरीबोटीवर काम केलेलं. आता डोकं साथ देत नव्हतं, पाय मात्र नदीचीच वाट धरायचे. आणि या चौकाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. कठडा नाही.

फोन लागला.

"आजोबा, कुठे आहात?"

"राजवाड्यात."

तिचा जीव भांड्यात पडला. चौकाचं सरकारी नाव व्यापार चौक, पण ते पर्यटकांच्या तोंडी. लिस्बनचा माणूस म्हणतो राजवाड्याचं अंगण. घाईत असला तर नुसतं राजवाडा. तो राजवाडा जाऊन पिढ्या लोटल्या. नाव तेवढं राहिलंय.

ती धावत पायऱ्यांपाशी आली.

"मी राजवाड्यातच आहे. पाण्यातल्या दोन खांबांसमोर. तुम्ही दिसत का नाही?"

"तू अंगणात आहेस. मी राजवाड्यात आहे."

"तेच ते, आजोबा."

"तेच कसं? एवढी शिकलीस ना तू?"

फिलिपाने दात आवळले. शेजारी एक बाई चेस्टनट भाजत होती.

"एक म्हातारे पाहिलेत? करडी टोपी?"

"मला माझी शेगडी दिसेना, बाई. आज सगळ्यांचे आजोबा कबरस्तानात असतात. कुणाचे वर, कुणाचे खाली." मग ती आभाळाकडे बघून म्हणाली, "रोज नदीवरचे पक्षी माझा माल पळवतात. आज एक फिरकला नाही."

खरंच. चौकात चिटपाखरू नव्हतं.

आणि फोनमध्ये मात्र… घंटा.

एक नाही. शहरभरच्या चर्चच्या असाव्यात इतक्या.

तिने फोन कानापासून दूर धरला. शांतता. परत कानाला लावला… घंटा.

"आजोबा, कोण वाजवतंय?"

"कुणीच नाही. आपोआप वाजतायत."

"जिथे आहात तिथेच थांबा. हलू नका."

"थांबलोच आहे, खिडकीत. तू दिसतेस. शेवंती उलटी धरलीस."

तिने खाली पाहिलं.

जुडी उलटीच लोंबत होती.

"कुठली खिडकी?"

"वर बघ. नदीकडे."

नदीकडे नुसतं धुकं होतं. त्याखाली पाणी.

"पुरे झालं आता. रोजची कटकट आहे ही…"

फोनमध्ये काहीतरी गडगडलं. लांबवर. मग अगदी जवळ. घंटा एकदम थांबल्या. आजोबा खोकत होते.

"आजोबा, पडलात का?"

"मी नाही. छत पडलं." पुन्हा खोकला. "फिलिपा… पाणी कुठे गेलं?"

"कुठे जाणार? भरती आहे." पाणी तिच्यासमोर वरच्या पायरीला लागलं होतं.

"नदीचा तळ उघडा पडलाय. गाळात बुडालेल्या नावा दिसतायत. माणसं खाली उतरून बघतायत. पोरी, अशी ओहोटी नसते."



लिस्बनमध्ये हे शाळेतच शिकवतात. पावणेतीनशे वर्षांपूर्वी, याच दिवशी, सकाळीच भूकंप झाला. इथला राजवाडा त्यातच गेला. वाचलेली माणसं नदीकाठी धावली. नदी आधी मागे हटली.

मग आली.

"आजोबा, निघा. शहराकडे. चढावर."

"आत्ता तर थांब म्हणालीस."

"चुकले. बोटीवर कुणाचं ऐकायचात?"

"कप्तानाचं."

"आज मी कप्तान. निघा."

दगडी जिन्यावर पावलं वाजली. घाईची. मग मागून एक आवाज उठला… तो कसला, हे फिलिपा आजही सांगत नाही.

फोन बंद.

तिने पुन्हा पुन्हा लावला. लागला नाही.

"अहो बाई, हेच का तुमचे?"

चेस्टनटवालीने आजोबांचा दंड धरला होता. शहराकडच्या कमानीखालून आले म्हणे. टोपी नव्हती. केसांत चुना. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

फिलिपाने त्यांना मिठी मारली. ते चिडलेलेच होते.

"मला तू हाक मारलीस," ते म्हणाले. "बाकीच्यांना कुणी मारली?"

त्यांच्या बुटांना लागलेला गाळ तिने धुतला नाही. बूट पिशवीत बांधून ठेवलेत. अख्खी प्रयोगशाळा हाताशी आहे, पण तिने तो तपासलेला नाही. मी एकदा विचारलं, तर विषय बदलला.

आता ती त्या जागेला व्यापार चौक म्हणते. परवा टॅक्सीवाला हसला. "बाहेरगावच्या का तुम्ही?"

"हो," ती म्हणाली.

मी शेजारीच बसलो होतो. तिला दुरुस्त करायला माझ्याही तोंडून राजवाडा हा शब्द निघाला नाही.