उन्हानं मोठा केलेला ठसा

मेंढ्या मारणाऱ्या नर कूगरला, त्या डोंगरी सिंहाला, हंगाम संपायच्या आत गाठायचं, म्हणून ऑरिन हॉगन आपली दोन शिकारी कुत्री घेऊन आयडाहोच्या डोंगरात शिरला होता. सोबत पुतणी मार्ला. मेंढ्या तिच्या, शिकारीचा परवानाही तिच्याच नावावर. पण ठसा पाहून नर की मादी हे सांगण्यात ऑरिनचा हात धरणारा त्या खोऱ्यात कुणी नव्हता, आणि खोऱ्याला याचा विसर पडू नये याची काळजी तो स्वतःच घ्यायचा.

दक्षिणेकडच्या उघड्या उतारावर बर्फात माग सापडला. ठसा चांगला पसरट, ऑरिनच्या तळहाताएवढा. उभ्याउभ्याच त्यानं निकाल दिला: नर! मार्लानं वाकून ठशाच्या कडा चाचपल्या. त्या ढासळल्या होत्या. इथं दिवसभर ऊन असतं, बर्फ वितळून ठसा पसरतो, जरा मागं जाऊन सावलीतला ठसा बघू या का, असं तिनं विचारलं.

"तू बघत बस, बाई. कूगर थांबेल तुझ्यासाठी," असं म्हणून ऑरिननं कुत्री सोडली.

मग एकच धावपळ! कुत्री भुंकत दरीत उतरली, त्यांच्यामागं ही दोघं. गोठलेला ओढा ओलांडताना बर्फ कडाडला. मार्ला कमरेपर्यंत आत! ऑरिन बर्फावर पालथा झोपला, तिच्या बंदुकीचा पट्टा धरला आणि तिला ओढून काढलं. ती कुडकुडत होती, पण थांबली नाही. पुढं खडी चढण. तेवढ्यात भुंकणं बदललं, एका जागी ठरलं. जनावर झाडावर चढलं होतं.

पाइनच्या दाट फांद्यांत ते कान पाडून बसलं होतं. पोट दिसत नाही, पिल्लांची मादी असली तर मारायला बंदी आहे, बाजूनं फिरून बघू, असं मार्ला म्हणाली.

"नर आहे, सांगितलं ना? मार."

गोळी सुटली. कूगर फांद्या मोडत खाली आला.

ऑरिन कामाला लागला. जबडा ताठण्याआधी त्यानं तोंडात आडवी काठी बसवली, म्हणजे शिकारखात्याच्या तपासणीत वय ठरवायला दात काढता येतो. मग कातडं सोलायला धड उताणं केलं. पोटावरची लव सडांभोवती ओली, चिकटलेली होती. त्यानं एक सड दाबला. बोटांवर कोमट दूध आलं.

त्यानं सुरी म्यानात घातली.

"तुमच्या शब्दावर चाप ओढला, काका," मार्ला म्हणाली.

पिल्लं कुठंतरी थंडीत होती, आणि ऊन उतरायला लागलं होतं. कातडं, मांस, सगळं तिथंच टाकून, कुत्री झाडाला बांधून दोघं मादीच्या मागावर उलटी निघाली. उतार संपून झाडांची सावली लागली. तिथं त्याच मादीचा ठसा होता, कडा शाबूत, आणि केवढासा! मार्लानं तो नुसता बोटानं दाखवला. बोलली असती तर बरं झालं असतं, असं ऑरिनला वाटलं.

माग कड्याच्या एका कपारीपाशी संपला. वाट अरुंद, तिच्यावर बर्फाचा थर. मार्लानं त्याच्या कमरेला बांधलेला दोर धरला, ऑरिन सरपटत खाली निघाला. पाय सटकला! तो दरीवर लोंबकळला. दोराला हिसका बसला, पण वर मार्ला खडकाला पाय रोवून होती. कसाबसा तो कपारीत पोचला.

आत ठिपक्यांची दोन पिल्लं. एक फिस्कारलं. दुसऱ्यानं हवेत नाक धरलं आणि सरळ त्याच्याकडे आलं. ऑरिनच्या हाताला, बाहीला पिल्लाच्या आईचा वास होता. पिल्लू त्याचं बोट चोखायला लागलं. ऑरिनच्या आयुष्यात कुणी त्याला असं शरमिंदं केलं नव्हतं.

"जिवंत आहेत का?" वरून मार्लानं विचारलं.

"आहेत."

दोन्ही पिल्लांना कोटात घालून तो वर आला. आता शिकारखात्याला काय सांगायचं, हे तिनं विचारायच्या आत तोच बोलला.

"मी सांगतो त्यांना. ठसा मी वाचला, आणि चुकीचा वाचला."

मार्लानं मान हलवली. कोटाच्या आत पिल्लू अजून त्याची बाही चोखत होतं, आणि त्यात दूध नव्हतं.